अकरा मिलिमीटर

बसवेश्वरनगर, बेंगळूरु
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

येसाजी अण्णांना आणि कावेरी अक्कांना माझा नमस्कार.

आज सुट्टी. सकाळी सहाला पाणी आलं, दोन्ही टाक्या भरून घेतल्या. कोपऱ्यावरून मेथी आणि दही आणलं. महालय अमावास्या असल्यामुळे दुकानात गर्दी होती. आपल्याकडे मामंजींचं पान वाढून झालं असेल. मल्हारचं वर्ष सरलेलं नाही, म्हणून त्याचं पान यंदा नाही, हे अक्कांनी परवा सांगितलं होतं. मी एकटीच जेवले आणि टेबलाशी बसले.

आपल्याला पत्र येईल असं आपल्याला वाटलं नसेल. घर दोन बस-थांब्यांवर आहे आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये आपण रोज समोर असता. पण आपल्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडून ‘सरी अण्णा, बरं अण्णा’ याशिवाय काही निघत नाही. पंधरा वर्षं तसंच चाललं. आज सरी म्हणायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

आणखी एक. आपल्यासमोर मी यांना, आपल्या धाकट्या भावाला, नावाने कधी हाक मारली नाही. या पत्रात मारते, कारण प्रश्न त्यांच्या नावाचाच आहे. रागावू नये.

काल संध्याकाळी आपण माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. तुमकूरच्या तेलवाल्यांच्या तक्रारीला पाठवायचं उत्तर. त्यात असं आहे की त्यांना दिलेल्या बाटल्या भरायच्या मशीनमधली चूक कै. मल्हार यांच्या ड्रॉइंगमध्ये होती, त्या दिवसांत ते गंभीर आजारी असल्यामुळे लक्ष राहिलं नसावं, यापुढे असं होणार नाही. खाली आपली सही आहे. शेजारी माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे, ड्रॉइंग आता मी काढते म्हणून.

आपण म्हणालात, “त्याला आता काय फरक पडतो? गेलेल्या माणसाला कुणी बोलत नाही. जिवंत माणसाचं नाव घातलं की पार्टी हातची जाते. तू सही कर, तुझं इथलं बसणंही पक्कं होईल.”

मी घरी वाचते म्हणाले आणि कागद पिशवीत घातला. चार वेळा वाचला. मी सही करणार नाही.

का ते सांगते. आपण लेथवरचे, कॉम्प्युटरसमोर कधी बसला नाहीत, म्हणून साधं करून लिहिते. त्या मशीनमध्ये खाली बाटल्या उभ्या राहायच्या बारा खाचा आहेत आणि वर तेल सोडणारे बारा नोझल. ड्रॉइंग काढताना बाराच्या बारा नोझल एकेक करून कुणी बसवत नाही. एक नीट बसवायचा आणि बाकीचे अकरा त्याच्यावरून उमटवायचे. त्याला पॅटर्न म्हणतात. तो करायच्या वाटा बऱ्याच आहेत, पण इथे दोनच लागू होत्या. एक वाट अशी की अंतर आणि संख्या आपण हाताने घालायची: ऐंशी मिलिमीटर, बारा. झालं. दुसरी अशी की कॉम्प्युटरला सांगायचं, खालच्या प्लेटमध्ये खाचांची जी रांग आहे तिच्यामागे जा. मग खाचा सरकल्या तर नोझल आपोआप सरकतात. खाचा चौदा केल्या तर नोझल चौदा होतात.

मल्हार दुसरी वाट घ्यायचा. दर वेळी. तो फार बोलणारा नव्हता, पण या बाबतीत हट्टी होता. म्हणायचा, एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला की एका ठिकाणी चुकणारच; आकडा एकदाच लिहायचा आणि बाकीच्यांना त्याच्याकडे बघायला लावायचं.

तुमकूरच्या मशीनमध्ये बाटली बदलली, खाचांचं अंतर ऐंशीचं एक्याऐंशी झालं आणि नोझल ऐंशीवरच राहिले. पहिल्या बाटलीला फरक नाही. दुसरीला एक मिलिमीटर, तिसरीला दोन, असं करत बारावीला अकरा. बाटलीच्या तोंडात नोझलभोवती सात मिलिमीटर जागा असते, म्हणून आठवीपर्यंत निभावलं. शेवटच्या चार बाटल्यांच्या काठावर नोझल बसले, काच फुटली, आणि भार्गवी नावाच्या बाईच्या तळव्याला तीन टाके पडले.

ही चूक आकडा हाताने घातला तरच होते. मल्हारच्या पद्धतीत ती होऊच शकत नाही.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्याचं नाव आहे, हे आपण सगळ्यांना दाखवलंत. ते नाव कॉम्प्युटर आपणहून घालतो. आपल्याकडे ते सॉफ्टवेअर एकट्या मल्हारच्या नावावर आहे. ते उघडून खुर्चीत कुणीही बसलं तरी चौकटीत त्याचंच नाव येतं.

मग कुणी केलं, असं आपण विचाराल. त्याआधी एवढं ठरू दे, की ज्याने केलं नाही त्याचं नाव निघालं पाहिजे.

कागद सही न करता याच पाकिटात परत पाठवते.

आपली,
संयोगिता



गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

अण्णा, नमस्कार.

आज दसरा. सातला उठले, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. वर्षाच्या आत तोरण नको म्हणून दार तसंच आहे. दहाच्या सुमाराला कॉम्प्युटर उघडून एक मेल पाठवला. त्याबद्दल पुढे लिहिते. त्यानंतर घर झाडलं.

काल आयुधपूजेला मी येऊ नये, असं अक्कांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. मी सरी म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवशी घरी होते. दुपारी तीनला वर्कशॉपमधला आपला रघुपती चुरमुरे-डाळ्यांचा पुडा आणि केळी घेऊन आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. मी विचारलं तेव्हा हळूहळू सांगत गेला. लेथला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, ड्रिलिंग मशीनला नवी साडी नेसवावी तसं सजवलं होतं, फाटकाशी दृष्ट काढून कोहळा फोडला. मल्हारच्या कॉम्प्युटरसमोर त्याचा फोटो ठेवला होता, मोगऱ्याचा हार घालून.

आणि सौम्या आली होती. तुमकूरची इंजिनिअर, ही मशीन तिच्याच देखरेखीखाली आहे. ती बेंगळूरुला आली होती आणि उत्तर अजून का आलं नाही हे विचारायला वर्कशॉपमध्ये डोकावली. आपण तिला फोटोपाशी नेलंत आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणालात, “काय सांगू मॅडम, शेवटच्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता त्याला काय विचारायचं?”

तिने फोटोला हात जोडले, प्रसाद घेतला आणि गेली. तिने तरी दुसरं काय करायचं?

रघुपती जायला निघाला. जिन्यात थांबून कन्नडमध्ये म्हणाला, “आज दोन कोहळे फुटले अम्मा. फाटकाशी एकच होता, दुसरा फोटोपाशी.”

त्याला सगळं माहीत आहे, अण्णा. त्या दिवशी दुपारी ऑफिसात मला चहा त्यानेच आणून दिला होता. त्याने तीन आठवडे तोंड उघडलं नाही. मी उघडते का याची वाट पाहत असावा. मागच्या पत्रात मी दोन पानं लिहिली आणि हेच लिहिलं नाही.

ती चूक मी केली.

१० जुलै, गुरुवार. मल्हारला अतिदक्षता विभागात ठेवून नववा दिवस होता. भेटायची वेळ चार ते पाच. मी सकाळी कामावर आले होते, कारण बाहेरच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा ते बरं वाटायचं. दुपारी एकला सौम्याचा फोन आला की बाटलीची रुंदी बदललीय, एक मिलिमीटरने मोठी, आणि बूडही गोलऐवजी चौकोनी झालंय. आपण मला म्हणालात, संध्याकाळपर्यंत फाइल कटिंगला गेली पाहिजे. हे आपल्याला आठवत असेल, नसेलही; आपलं काही चुकलं नाही, काम होतंच.

मी मल्हारच्या नावाने कॉम्प्युटर उघडला. चौकोनी बूड असल्यामुळे जुन्या खाचा काढून टाकल्या आणि नव्या केल्या. अंतर एक्याऐंशी घातलं. ते बरोबर आहे. पण जुनी रांग मी काढली, आणि नोझलचा पॅटर्न त्या रांगेमागे जाणारा होता. ज्याच्यामागे जायचं तेच नाहीसं झालं. नोझल लाल झाले. ते ज्या पट्टीत बसतात तिची छिद्रं लाल झाली. पडद्यावर डावीकडे वरपासून खालपर्यंत लाल.

करायचं काय ते मला येत होतं. मल्हारनेच शिकवलं होतं. पॅटर्न उघडायचा, नवी रांग दाखवायची, मग पट्टी, मग तिचे आधार, एकेक सोडवत जायचं. पाऊण तासाचं काम. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी लाल झालेला पॅटर्न पुसून टाकला आणि हाताने साधी रांग घातली. बारा. ऐंशी. आठ महिने त्या मशीनचा आकडा ऐंशी होता, बोटांनी तोच घातला. लाल रंग गेला. सगळं ठीक दिसलं. मी फाइल पाठवली आणि रिक्षा पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पुढचं आपल्याला माहीत आहे. ती फाइल मी पुन्हा उघडली नाही.

१० सप्टेंबरला तुमकूरहून फोन आला, शेवटच्या चार बाटल्या फुटतात म्हणून. पहिल्या नाहीत, शेवटच्या. ते ऐकताच मला कळलं. फाइल उघडायचीही गरज नव्हती. आपण चौकटीतलं नाव दाखवलंत, आणि मी गप्प बसले. अकरा दिवस गप्प बसले, नंतर अर्धवट पत्र लिहिलं. ऐंशी घातल्याची मला लाज आहे, पण या गप्प बसण्याची जास्त आहे.

आज सकाळी सौम्याला जो मेल पाठवला, त्यातला मजकूर असा: “नोझलचं अंतर मी चुकीचं घातलं. मल्हार यांनी ते ड्रॉइंग पाहिलेलंही नव्हतं. तेव्हा ते रुग्णालयात होते. काल त्यांच्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खरं नाही. नवी पट्टी मी काढून, बसवून देईन. ज्या बाईंना लागलं त्यांना हे सांगावं.” खाली माझं नाव.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मशीनची ट्रायल घेतलीत तेव्हा नव्या बाटल्या चारच आल्या होत्या आणि बारा येईपर्यंत आपण थांबला नाहीत, हे मी तिला लिहिलेलं नाही. ते माझं नाही. लिहायचं असेल तर आपण लिहा.

आता आपण काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. मल्हारने मला पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आणलं तेव्हा आपण म्हणाला होतात की घरातल्या बाईला ऑफिसात बसवलं की घरही जातं आणि ऑफिसही. मी डिप्लोमा केलेली होते, तरी दोन वर्षं मला फक्त नकला काढायला मिळाल्या. आज आपण म्हणू शकता, बघा, झालं ना.

म्हणा. पण २०१६ साली होसूरला पाठवलेल्या मशीनच्या पायांची उंची आपण घेतली होती. ती दारातून आत गेली नाही, आणि त्या माणसाची भिंत पाडावी लागली. मामंजी हसले आणि गवंडी बोलावला. आपली खुर्ची कुणी उचलली नाही. मल्हारनेही चुका केल्या, मी त्या पाहिल्या आहेत. त्याची खुर्चीही कुणी उचलली नाही.

चूक माझी आहे. खुर्चीही माझी आहे. दोन्हींपैकी मी एकही सोडणार नाही.

संयोगिता



रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

अण्णा, नमस्कार. अक्कांनाही.

आठवडाभर आपण माझ्याशी बोलला नाहीत, म्हणून झालेलं सगळं क्रमाने लिहिते. रघुपतीकडून अर्धं कळलं असेल.

गेल्या रविवारी अक्कांचा फोन आला होता. म्हणाल्या, “स्वल्प सांभाळून घ्यायचं गं. मोठ्या भावाची मान खाली गेली. कबुली द्यायची एवढी हौस होती तर देवापुढे द्यायची.” नेहमीप्रमाणे उत्तर फोन ठेवल्यावर सुचलं. अक्का, फुटलेली बाटली देवाची नव्हती.

त्या पुढेही म्हणाल्या, मेलेल्या माणसाला काय कळतं, कशाला एवढा हट्ट. त्याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे होतं. ते शेवटी लिहिते.

सोमवारी नऊला मी आले तर माझ्या खुर्चीत एक मुलगा. मुलगा म्हणजे तिशीचा. अभिराज, मूळ पुण्याचा, महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत आहे आणि सुट्टी काढून बाहेरची कामं करतो. आपण त्याला बोलावलंत हे त्यानेच सांगितलं. मी परत फिरेन असं आपल्याला वाटलं असावं. मलाही क्षणभर तसं वाटलं. मग मी स्टोअरमधून स्टूल आणलं आणि त्याच्या शेजारी बसले.

तो वाईट नाही. हात फार जलद आहे. म्हणाला, “मॅडम, सिंपल आहे. ऐंशीचं एक्याऐंशी केलं, डन. दोन मिनिटांचं काम आहे, तुम्ही उगाच टेन्शन घेतलंत.”

मी विचारलं, “पुढच्या वर्षी बाटली पुन्हा बदलली तर?”

“तर पुन्हा टाइप करायचं.”

“कोण करणार?”

“जो खुर्चीत असेल तो.”

“त्याला कोण सांगणार, की आकडा दोन ठिकाणी आहे?”

तो हसला. म्हणाला, एवढं ओव्हर-इंजिनिअरिंग कुणी करत नाही, फाइल जड होते. मी म्हटलं, खाचांचं अंतर चौऱ्याऐंशी करून बघा. त्याने केलं. खाचा पसरल्या. नोझल जिथल्या तिथे. पडद्यावर बारावा नोझल दोन बाटल्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे लोंबत होता. त्याने मोजलं, तेहेतीस मिलिमीटर. मग “ओके, फेअर” म्हणाला, उठला आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेला.

मी खुर्चीत बसले. हाताने घातलेली रांग पुसली. एक नोझल ठेवला, बाकीच्यांना खाचांच्या रांगेमागे जायला लावलं. मग पट्टीची छिद्रं, मग आधार. पाऊण तास लागेल असं मला वाटलं होतं, पन्नास मिनिटं लागली. चौऱ्याऐंशी घालून पाहिलं, नव्वद घालून पाहिलं, खाचा दहा करून पाहिल्या. सगळे बरोबर सरकले. एक्याऐंशी घालून फाइल बंद केली.

अभिराज तोवर परत येऊन स्टुलावर बसला होता. त्याने विचारलं, मग सगळंच असं बांधायचं का? मी नाही म्हटलं. मशीनच्या पायाखालचे रबर, झाकणाचे स्क्रू, त्यांना कुणाकडे बघायचं नसतं. तिथे साधी रांगच बरी, फाइल हलकी राहते. कोण कुणावर बसतंय ते आधी विचारायचं आणि मग पद्धत निवडायची. हे मल्हारचं. मी फक्त पोचवलं. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आपल्याला काय सांगून गेला ते मला माहीत नाही. मंगळवारी खुर्ची रिकामी होती.

गुरुवारी मी आणि रघुपती नवी पट्टी घेऊन तुमकूरला गेलो. आपल्याला न विचारता गेलो नाही. बुधवारी आपल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, आपण ती वाचून बाजूला सारलीत हे मी पाहिलं. नाही म्हणाला नाहीत, तेवढं मला पुरलं.

सौम्याने माझ्या मेलबद्दल एक शब्द काढला नाही. पट्टी बसवून झाली तेव्हा तिने एवढंच विचारलं, या वेळी जबाबदार कोण? मी म्हणाले, मी. तिने वहीत माझं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

मग बाटल्या लावायची वेळ आली. भार्गवी ही चाळिशीची, बारीक बाई आहे. तळव्यावर अजून पांढरी रेघ दिसते. ती लाइनच्या शेवटी काम करते, म्हणजे नवव्या ते बाराव्या बाटलीपाशी. ती जागेवर जाईना. हातांची घडी घालून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आधी तुमचा हात घाला अम्मा, मग माझा.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. सौम्या तिला ओरडणार होती, मी थांबवलं. तिचं बरोबर होतं. मी बांगड्या काढून रघुपतीकडे दिल्या, हातमोजे घातले आणि तिच्या जागी उभी राहिले. बारा बाटल्या, नोझल खाली, तेल, नोझल वर. पुन्हा बारा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना ती माझ्या हातांकडेच बघत होती. पाऊण तास मी तिथे उभी होते. एकही बाटली फुटली नाही. मग तिने मला कोपराने बाजूला केलं आणि आपली जागा घेतली.

येताना बसमध्ये रघुपती म्हणाला, नोकरी गेली तर अम्माला तुमकूरला काम पक्कं आहे. मी बऱ्याच दिवसांनी हसले.

आता अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर.

१० जुलैला चार वाजून पाच मिनिटांनी मी आत गेले. मल्हारच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सौम्याचा फोन आला, बाटली बदलली, हे मी दुपारीच नर्सला फोन करून त्याला कळवलं होतं, कारण कामाचं ऐकलं की त्याला बरं वाटायचं. मी जवळ बसले. त्याने मास्क हाताने बाजूला केला. नर्स ओरडली, तरी केला. विचारलं, “खाचांवर बांधलंस ना?”

मी हो म्हणाले.

“सगळे?”

मी हो म्हणाले.

त्याने मान हलवली आणि मास्क परत लावून घेतला. नंतर तासभर तो झोपून होता आणि मी त्याचा हात धरून बसले. पाचला मला बाहेर काढलं. सकाळी मला बोलावलं तेव्हा तो बोलण्यासारखा नव्हता.

मी त्याला शेवटचं जे सांगितलं ते खोटं होतं. त्याने ते खरं मानलं. पाऊण तास वाचवून मी जो तास मिळवला त्यात मी हे केलं. गुरुवारी मशीन चालली म्हणून ते ‘हो’ खरं झालं, असं मी मानत नाही. ते तसंच राहणार. पण माझं खोटं त्याच्या नावावर चढवून, त्यावर हार घालून, त्याच्यासमोर लोकांना हात जोडायला लावायचे, हे मी चालू देणार नव्हते. मेलेल्याला कळत नसेल अक्का. मला कळतं.

यापुढचं स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा पत्र लिहावं लागणार नाही. ड्रॉइंगच्या चौकटीतलं नाव मी बदलून घेतलं आहे. जे मी काढीन त्यावर माझं नाव येईल, बरोबर असो की चूक. मल्हारने काढलेल्या जुन्या फाइलींवर त्याचंच राहील, त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्याचा फोटो कॉम्प्युटरसमोरून काढून मी भिंतीवर लावला आहे. समोर ठेवला की मला पडदा दिसत नाही. खिळा रघुपतीने मारला. वर्ष सरेपर्यंत पूजेला येऊ नको म्हणालात तर येणार नाही, तो घरचा रिवाज आहे आणि आपण घरातले मोठे आहात. कामाला येईन. रोज नऊला.

चार बाटल्यांबद्दल आपण सौम्याला लिहिलंत की नाही, हे मी तिला विचारलं नाही आणि आपल्यालाही विचारणार नाही.

आता दोन वाजून गेले आहेत. सकाळी धुतलेले कपडे अजून बादलीतच आहेत. गच्चीवर ऊन आहे तोवर जाऊन वाळत घालते.

संयोगिता